छातीवर बसणारी ती : स्लीप पॅरालिसिस, वाईट स्वप्नं आणि माझी आजी

झोप झाली का नीट?

आज हा प्रश्न मी सहज विचारत नाहीये. मागे एकदा मी स्टोरीवर विचारलं होतं, "जाग आलीय, डोळे उघडे आहेत, पण अंग हलत नाही, असं कुणाला झालंय का?" एवढंच. त्यावर जे मेसेज आले ना, त्यातले बरेचसे रात्री दोन-अडीचला पाठवलेले होते. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी एक वाक्य होतं : "प्लीज हे कुणाला सांगू नकोस." म्हणजे लोकांना हे होतं, आणि होतं ते लपवावंसं वाटतं. मलाही वाटायचं. म्हणून आजचा एपिसोड. रात्री अंथरुणात ऐकत असाल तर घाबरू नका, भुताची गोष्ट नाहीये. म्हणजे, सुरुवातीला थोडी आहे.

तर, पुणं. सदाशिव पेठ. एमपीएससीचा माझा दुसरा अटेम्प्ट. चार कॉटची खोली, म्हणजे कॉट बेसिस ज्यांनी केलंय त्यांना माहितीय, दोन कॉटच्या मधून जाताना तिरकं व्हायला लागतं. रात्री दोन वाजेपर्यंत अभ्यासिका, मग खाली टपरीवर चहा (हो, रात्री दोनला चहा), झोपायला तीन. सकाळी सहाला नळाला पाणी, म्हणून उठणं भागच. मग दुपारी मेसचं जेवून आलं की तासभर आडवं व्हायचं.

मे महिन्यातली अशीच दुपार. पंखा पाचवर. मी उताणी पडले. किती वेळ गेला माहीत नाही, डोळे उघडले. वर पंखा दिसत होता. समोर भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, त्यावर मीच स्केचपेनने काढलेल्या नद्या. खाली कुणीतरी गाडीला किक मारत होतं, गाडी सुरू होत नव्हती, तो आवाज स्पष्ट येत होता. म्हणजे मी जागी होते. फक्त हात उचलेना. मान वळेना.

आणि मग दाराशी कुणीतरी आलं. दिसलं नाही. कळलं. चपला घासत चालल्याचा आवाज आला. माझ्या कॉटची कड खाली दबली, कुणी टेकल्यावर दबते तशी. मग ते वजन सरकत सरकत छातीवर आलं. श्वास अर्ध्यात अडकला. पलीकडच्या कॉटवर ताई झोपली होती, हाताच्या अंतरावर. तिला हाक मारायची होती. घशातून साधं 'अं' सुद्धा निघालं नाही. मला त्या क्षणी अगदी खात्री होती की मी मरतेय, आणि ताई उठेल तेव्हा सगळं संपलेलं असेल.

ताईच्या मोबाइलचा अलार्म वाजला आणि धाडकन सगळं सुटलं. घामाने उशी ओली. आणि खोलीत कुणीही नाही.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मलाही एकदा झालं होतं. मारुतीस्तोत्र म्हणायचं." इथवर ठीक होतं. मग तिने आवाज खाली आणला. "त्या कॉटवर आधी एक मुलगी राहायची. तिचं काहीतरी झालं होतं म्हणे."

'म्हणे'! मराठीतला सगळ्यात धोकादायक शब्द. या 'म्हणे'ने पुढचे तीन महिने माझी झोप खाल्ली. कारण आता माझ्याकडे त्या वजनाचं उत्तर होतं. ती मुलगी. तिची कॉट. मी तिच्या जागेवर झोपतेय. (पुढे खूप दिवसांनी मी मालकीणबाईंना विचारलं, काकू, त्या मुलीचं काय झालं हो? काकू म्हणाल्या, "कोण ती? बँकेत लागली की ती. नाशिकला असते.")

पण तेव्हा हे माहीत नव्हतं. मग मी काय केलं? जे तुमच्यातले बरेच जण करत असणार तेच. झोपायचं टाळायला लागले. दिवा चालू, कानात इअरफोन, मोबाइलवर काहीतरी सुरू, चहावर चहा. पहाटे चार-साडेचारला डोळे आपोआप मिटायचे, आणि सहाला पुन्हा पाणी. परिणाम असा की महिन्यातून एकदा होणारी गोष्ट आठवड्यातून दोनदा व्हायला लागली. मला वाटलं, ती चिडली.

घरी कळलं तेव्हा आई रडली, आणि मग तिला जे येत होतं ते तिने केलं. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. अंगारा लावला. दृष्ट काढून घेताना मला छान वाटायचं, खरं सांगते. आईचा हात तोंडावरून फिरतो, त्यात वाईट काय? पण त्याने काही थांबेना, तेव्हा शेजारच्या गावातल्या एका देवऋषाकडे नेलं. त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. किती झोपतेस, कधी झोपतेस, काही नाही. बघितलं आणि म्हणाला, "बाहेरचं आहे." एक लिंबू दिलं, उशाखाली ठेवायला. पैसे घेतले. अमावस्येला परत बोलावलं.

अमावस्येला आम्ही गेलो तेव्हा आमच्या आधी एक मुलगी होती, माझ्यापेक्षा लहान, अठरा-एकोणीसची. त्याने तिचे केस मुठीत धरले होते आणि "बोल, कोण आहेस तू, बोल" म्हणत तो ते ओढत होता. ती नुसती आईकडे बघत होती. माझ्या आईने माझं मनगट पकडलं आणि आम्ही चप्पल घालून थेट एसटी स्टँड गाठला. आई रस्ताभर काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "डॉक्टरकडं जाऊ." आईचा त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा आयुष्यात क्वचित वाटलाय.

एक माहिती इथेच देऊन टाकते. २०१३ सालचा आपल्या राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं, हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. मला तेव्हा हे पाठ होतं, परीक्षेसाठी. समोर घडताना मात्र तोंडातून शब्द फुटला नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

मग एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. रांग मोठी होती, बाक मोडका होता, पण आतल्या मॅडमनी जे पहिलं वाक्य विचारलं त्याने माझे खांदे खाली आले. "झोपतेस कधी आणि उठतेस कधी?" मग एकेक : उताणी झोपतेस का? घोरतेस का? दिवसा बोलता बोलता, जेवता जेवता एकदम झोप लागते का? खूप हसल्यावर गुडघ्यातलं बळ जातं का, हातातली वस्तू पडते का? कुठल्या गोळ्या चालू आहेत?

त्यातले हसण्याचे आणि दिवसा झोप लागण्याचे प्रश्न नार्कोलेप्सी नावाच्या आजारासाठी होते, हे मला नंतर कळलं. तुम्हाला त्यांचं उत्तर 'हो' असेल तर हा एपिसोड पॉज करा आणि डॉक्टरांची वेळ घ्या. घोरणं जास्त असेल, झोपेत श्वास थांबतो असं घरचे सांगत असतील, तरीही तेच. माझं उत्तर सगळ्यांना 'नाही' होतं. फक्त उताणी झोपण्याला 'हो'.

मॅडमनी केसपेपरच्या मागच्या बाजूला एक आकृती काढली, जिन्यासारखी. रात्रभराची झोप. साधारण ९० मिनिटांची एक फेरी : हलकी झोप, गाढ झोप, आणि मग एक वेगळीच झोप जिच्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात. हिला रेम म्हणतात. १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ती पहिल्यांदा नीट नोंदवली. आपली रंगीत, गोष्टीवाली, चित्रविचित्र स्वप्नं बहुतेक इथेच पडतात. जशी पहाट जवळ येते तशी रेमची वेळ लांबत जाते.

आता गंमत बघा. स्वप्नात तुम्ही पळता, मारामारी करता, गच्चीवरून उडी मारता. शरीराने ते खरंच केलं तर? म्हणून मेंदूच्या देठातून खाली मज्जारज्जूला निरोप जातो की स्नायू बंद ठेवा. हातपाय, मान, जीभ, सगळं सैल. अपवाद मुख्यतः दोन : डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा पडदा. फ्रान्समधल्या मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला तो निरोपाचा भाग निकामी करून पाहिला होता. ती मांजरं झोपेतच उठून अदृश्य उंदरांवर झेप घ्यायला लागली. म्हणजे हे कुलूप आपल्या भल्यासाठी रोज रात्री लागतं. तुम्हालाही काल रात्री लागलं होतं. फक्त तुम्ही झोपलेले होतात म्हणून कळलं नाही.

स्लीप पॅरालिसिस म्हणजे काय, तर जाग आधी येते आणि कुलूप मागाहून निघतं. मधली काही सेकंदं, फार तर एखाद-दोन मिनिटं, तुम्ही जागेही असता आणि रेममध्येही असता. डोळे खरा पंखा बघतात, आणि स्वप्न बनवणारं यंत्र अजून सुरूच असतं. ते त्या खऱ्या खोलीत स्वप्नातलं माणूस आणून उभं करतं.

मी विचारलं, "मॅडम, पण वजन? वजन तर खरं होतं." त्या म्हणाल्या, "आत्ता श्वास घे, छाती फुगव." घेतला. "रेममध्ये छातीच्या फासळ्यांचे स्नायूही सैल असतात. पोटाचा पडदा एकटा काम करतो. श्वास चालूच असतो, पण उथळ. तू घाबरून मोठा श्वास घ्यायला गेलीस, छाती फुगली नाही. मेंदूने अर्थ लावला की वर कुणीतरी बसलंय." त्यांनी ज्या सहजपणे हे सांगितलं, मला हसायलाच आलं. तीन महिने मी जिला घाबरत होते ती माझीच बरगडी होती.

आणि दाराशी उभं असलेलं माणूस? मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा त्या वेळी पूर्ण जागी असते. अंग हलत नाही, काहीतरी भयंकर घडतंय एवढंच तिला कळतं, आणि धोका असेल तर कुणीतरी असणारच, असा ती अंदाज बांधते. मग त्या 'कुणीतरी'ला चेहरा कोण देतं? आपलं गाव देतं. आपल्याकडे मुंज्या, हडळ. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर लोक म्हणतात की रात्री म्हातारी येऊन छातीवर बसते. जपानमध्ये 'कनाशिबारी', म्हणजे धातूने जखडल्यासारखं. इंग्रजीतल्या 'नाइटमेअर' शब्दातली 'मेअर' ही घोडी नव्हे, ती जुन्या युरोपातली छातीवर बसणारी चेटकीणच. हेन्री फ्युसेली नावाच्या चित्रकाराने १७८१ साली तिच्यावर एक चित्र काढलंय, गूगलवर शोधा : एक बाई उताणी पडलीय, पोटावर-छातीवर एक बुटकं भूत बसलंय, आणि पडद्यामागून खरोखर एक घोडी डोकावतेय. बाई उताणी, हे लक्षात घ्या. त्यालाही माहीत होतं!

जगभरात सगळ्यांच्या छातीवर तेच बसतं, कारण सगळ्यांची छाती सारखी आहे.

किती जणांना होतं? शार्पलेस आणि बार्बर या दोघांनी २०११ साली ३५ अभ्यास एकत्र केले, ३६ हजारांहून जास्त माणसं. आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेले साधारण लोकांत ७.६ टक्के. आणि विद्यार्थ्यांत? २८.३ टक्के. माझ्या अभ्यासिकेत शंभर खुर्च्या होत्या. हिशोब करा. मी स्वतःला एकटी समजत होते आणि माझ्या रांगेतच चार-पाच जण असणार.

विद्यार्थ्यांत का जास्त, हे सांगायला संशोधक लागत नाही. रात्री तीनला झोपायचं, तुकड्या-तुकड्यांत झोपायचं, दुपारी भरपाई करायची. जपानमधल्या संशोधकांनी १९९२ साली प्रयोगशाळेत लोकांना मुद्दाम मध्येच उठवलं, काही वेळाने परत झोपवलं, आणि काहींच्या बाबतीत हा अनुभव चक्क घडवून आणला. तुटलेली झोप, अपुरी झोप, ताण, उताणं झोपणं. माझ्या वेळापत्रकात चारही होते. नाइट शिफ्टवाले, कॉल सेंटरवाले, हॉस्पिटलमधले इंटर्न, तुमच्याही.

आता कामाचं बोलू. होत असताना काय करायचं?

मी आधी जे करत होते ते म्हणजे सगळी ताकद लावून उठायचा प्रयत्न. त्याने छाती आणखी बंद वाटते आणि भीती दुप्पट होते. आता मी लढत नाही. मनात एकच वाक्य म्हणते, "कुलूप आहे, निघेल." हे वाक्य दिवसा, जागेपणी ठरवून ठेवायला लागतं. त्या वेळी नवीन काही सुचत नाही. मोठा श्वास घ्यायला जात नाही, चाललाय तो चालू देते. दाराकडे बघत नाही. डोळे हलतात ना, मग डोळे मिटून घेते आणि मनात कुणाचा तरी चेहरा आणते. माझ्यासाठी तो आमच्या घरच्या कुत्र्याचा आहे, सॉरी आई. ताई मारुतीस्तोत्र म्हणायची तेही याच कामाचं होतं, हे मला आता पटतं. तिचं लक्ष तिकडे जायचं, भीतीकडे नाही.

हे मी माझ्या मनाने बनवलेलं नाही. बालंद जलाल नावाच्या संशोधकाने साधारण हेच मांडलंय : या अनुभवाचा अर्थ बदला, घाबरण्यासारखं काही नाही असं स्वतःला सांगा, लक्ष आत कुठल्यातरी चांगल्या गोष्टीवर लावा, आणि अंग सैल सोडा, हलायचा प्रयत्न करू नका. त्याची चाचणी झाली ती फार छोटी, नार्कोलेप्सीच्या अवघ्या १० रुग्णांवर, म्हणून मी हा रामबाण उपाय आहे असं म्हणणार नाही. पण फुकट आहे आणि अपाय नाही. त्याच माणसाने इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांचीही तुलना केली होती. जिथे लोक याला जिनांचं काम समजतात तिथे भीती जास्त, आणि जखडलेपण जास्त वेळ टिकल्याचं लोक सांगतात. म्हणजे 'म्हणे'मुळे मिनिटं वाढतात.

काही लोक पायाचा अंगठा किंवा जिभेचं टोक हलवायचा प्रयत्न करतात. काहींचं त्याने सुटतं. माझं कधी सुटतं, कधी नाही. घरात कुणी शेजारी झोपत असेल तर त्यांना सांगून ठेवा की माझा श्वास विचित्र वाटला तर मला हलवा. कुणी स्पर्श केला की बहुतेक वेळा सुटतंच.

सुटल्यावर लगेच परत पडू नका, हे फार महत्त्वाचं. मी तसंच पडून राहायचे आणि पाच मिनिटांत पुन्हा तेच. उठून बसा, दिवा लावा, तोंड धुवा, पाणी प्या. आणि मग कुशीवर झोपा.

कुशीवरून आठवलं. झोपेत मी परत उताणी व्हायचेच. घोरणाऱ्या लोकांसाठी एक जुनी युक्ती आहे, पाठीला चेंडू बांधायची. माझ्याकडे चेंडू नव्हता. काय होतं? देवऋषाचं लिंबू! कुर्त्याच्या पाठीला खिसा शिवून त्यात ते ठेवलं. उताणी झाले की टोचायचं, मी वळायचे. चार दिवसांनी लिंबू फुटलं आणि कुर्ता खराब झाला, पण चार रात्री मी झोपले. त्यामुळे पैसे वाया गेले असं मला म्हणता येत नाही. नंतर टेनिसचा बॉल आणला.

बाकी वेळापत्रकाचं मी लांबवत नाही, तुम्हाला माहीत असतंच. एकच सांगते, झोपायची वेळ सांभाळणं कठीण असतं, उठायची सांभाळा. मी अभ्यासिकेतून बाराला निघायला लागले, दोनचा चहा सोडला, दुपारची झोप वीस मिनिटांवर आणली आणि तीही टेबलावर डोकं ठेवून. दीड महिन्यात आठवड्याचे दोन अटॅक दोन महिन्यांतून एकावर आले. आजही वर्षातून एक-दोनदा येतात. येतात आणि जातात.

आता वाईट स्वप्नं. ही वेगळी गोष्ट आहे, पण मेसेजमध्ये दोन्ही एकत्र येतात म्हणून बोलतेय. वाईट स्वप्नात तुम्ही झोपलेले असता, आणि जाग आली की सुटका होते. पॅरालिसिसमध्ये जाग हाच त्रास असतो.

माझं ठरलेलं स्वप्न : परीक्षा हॉल, उत्तरपत्रिका समोर, मी गोल काळे करतेय आणि ते पुन्हा पांढरे होतायत. बाजूचे सगळे उठून जातायत. पर्यवेक्षकाला तोंडच नाही. प्रिलिम जवळ आली की रोज. मॅडमनी यासाठी गृहपाठ दिला. स्वप्न वहीत लिहायचं. मग ते बदलायचं, कसंही, आपल्याला हवं तसं. आणि नवीन स्वप्न दिवसा दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून बघायचं, रोज. याला इमेजरी रिहर्सल म्हणतात. बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी २००१ साली लैंगिक अत्याचारातून गेलेल्या १६८ स्त्रियांवर याचा अभ्यास केला होता, आणि त्यांची स्वप्नं खरंच कमी झाली होती.

मला वाटलं नवीन स्वप्नात मी सगळे गोल भरून टॉपर होईन. तसं लिहिलंही, पण ते मनाला पटेना. शेवटी जे पटलं ते असं : गोल पांढरे होतायत, मी पेनला टोपण लावते, उठते, हॉलबाहेर व्हरांड्यात पाण्याची टाकी आहे तिथे जाते आणि गार पाणी पिते. बस. एवढंच. तीन आठवडे मी रोज दुपारी मनात ते पाणी प्यायले. मग एका रात्री स्वप्नात पर्यवेक्षक आला, आणि मी त्याला म्हणाले, "सर, पाणी पिऊन येते." त्यानंतर ते स्वप्न मला फारसं पडलं नाही. परीक्षा मी नापास झाले, ते वेगळं.

पण एक अट. तुमचं स्वप्न म्हणजे खरंच घडलेली गोष्ट असेल, अपघात, मारहाण, कुणी केलेला अत्याचार, तर हा वहीचा प्रकार एकट्याने करू नका. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञासोबत करा. स्वप्नं नवीन गोळीनंतर सुरू झाली असतील तर ज्यांनी गोळी दिली त्यांना सांगा, आपल्या मनाने बंद करू नका. आणि भीतीने झोपच टाळत असाल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री अडीचला मला मेसेज करण्यापेक्षा तो नंबर लावा. मी झोपलेली असते.

आता आजी. खरं तर हा एपिसोड तिच्यामुळे करतेय.

दिवाळीला घरी गेले होते. सगळे जेवून उठलेले, मी आणि आजी ओट्यावर. मी तिला सांगत होते, पुण्यात कसं व्हायचं, कुणीतरी बसायचं, मग मॅडमनी केसपेपरवर काय काढलं. ती ऐकत होती, सुपारी कातरत. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पयल्यांदा कड दबती का गं खाटंची?"

मी म्हटलं, "आजी, तुला कसं माहीत?"

आजी आमच्या आजोबांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली, बाळही गेलं. वर्षाच्या आत आजी लग्न होऊन घरात आली, सतरा वर्षांची. पूर्वी आपल्याकडे बिजवराशी लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालायची पद्धत होती, सवतीचा टाक. तिने त्रास देऊ नये म्हणून. आजीच्या गळ्यात तो आहे, लहानपणापासून बघतेय, मला वाटायचं देवाचा आहे.

"लगीन झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात आली," आजी म्हणाली. "पाटंला चारला उठून जातं, धुणं, शेत. दुपारची जरा लवंडले की यायची. कड दबायची. मग छातीवर. तोंडातनं आवाज नाय. मला वाटायचं, तिची जागा हाय, तिचं घर हाय. ती येणारच की."

पन्नासहून जास्त वर्षं. आजोबांना सांगितलं नाही, कारण त्यांना तिची आठवण येईल. सासूला सांगितलं नाही, कारण सासू म्हणेल, ही सून अपशकुनी. माझ्या आईलाही नाही. दर सर्वपित्रीला ती तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालते, चोळीचा खण देते, हे आम्ही पुण्य म्हणून बघायचो. ती माफी मागत होती.

मी मोबाइलवर ती जिन्याची आकृती काढून दाखवली. बरगड्यांचं सांगितलं. तिला रेम-बिम काही कळलं नसणार. पण पहाटे चारला उठणं, दुपारची तुटकी झोप, उताणं झोपणं, हे तिला लगेच कळलं. तिने सुपारी खाली ठेवली.

"म्हंजी ती कवाच आली नव्हती?"

मी म्हटलं, "नाही गं आजी."

ती गप्प बसली. मला वाटलं, रागावली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "बाई, बाई. मी किती शिव्या घातल्या गं तिला. मनातल्या मनात."

टाक तिने काढला नाही. मी काढ म्हणालेही नाही. यंदाही सर्वपित्रीला सवाष्ण जेवली, खण दिला गेला. तिने फक्त अंथरुणाची जागा बदलली, भिंतीला लागून, म्हणजे कुशीवर राहता येतं. परवा फोनवर विचारलं, येते का गं अजून? म्हणाली, "एकदा आलती. मी म्हटलं, बस बाई, दमली आसशील."

हे सगळं सांगायची परवानगी तिने दिलीय, नाव न घेण्याच्या अटीवर. आणि तिने विचारलंय की तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी कुणी म्हातारी आहे का, जी दुपारी झोपायला घाबरते. असेल तर तिला विचारा आणि मला लिहा. मी आजीला वाचून दाखवणार आहे.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आत्ता अंथरुणात असाल तर, कुशीवर वळा.